धुऱ्याचा दगड आणि आकाशातील साक्षीदार

कोहमाऱ्याच्या चौकात उभे राहिले म्हणजे एक रस्ता नागपूरकडे, एक रायपूरकडे, एक गोंदियाकडे आणि एक नवेगावबांधकडे जाताना दिसतो. महामार्ग रुंदावला, दुकाने वाढली, जमिनीचा भाव चढला आणि ज्या धुऱ्याकडे पूर्वी कोणी ढुंकूनही पाहत नसे, त्यासाठी भाऊभाऊ कोर्टाची पायरी चढू लागले. आमच्या बांधीच्या कोपऱ्यातला दगडही एका उन्हाळ्यात ट्रॅक्टरखाली गेला. मोजणी दोनदा झाली आणि दोन्ही खुणांत दोन हातांचे अंतर पडले. आजोबा एवढेच म्हणाले, "दगड गेला. आता ज्याचा आवाज मोठा, त्याची जमीन."

ते वाक्य मला अजून सलते. मोजणारे अप्रामाणिक होते असे मी म्हणत नाही. पहिल्या वेळी मोजणी विहिरीपासून सुरू झाली, दुसऱ्या वेळी पांदणीच्या वळणापासून. आरंभच वेगळा, मग शेवट एक कसा होणार? आधी मोजके पक्के बिंदू ठरवावेत आणि मग त्यांच्या आधाराने शेते मोजावीत, हा सर्वेक्षणाचा पहिला धडा. अशा बिंदूंच्या जाळ्यालाच नियंत्रण जाळे म्हणतात. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटनने त्रिकोणांमागून त्रिकोण जोडीत उत्तरेची वाट धरली. १८२३ साली आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला, त्याने देह ठेवला. एक बिंदू पक्का करायला तेव्हा माणसांचे तांडे आणि कित्येक महिने लागत.

आज काय लागते? दोन वारंवारितांचा जीपीएस ग्राहक दगडावर तिकाटण्यावर ठेवायचा, निदान दोन तास, शक्य तर सहा तास उपग्रहांचे संकेत नोंदवायचे आणि ती नोंद इंटरनेटवरून पाठवायची. ऑस्ट्रेलियाची 'ऑसपॉस', कॅनडाची 'सीएसआरएस-पीपीपी' या सरकारी सेवा उपग्रहांच्या अचूक कक्षा विचारात घेऊन गणित करतात. पहिली त्यासाठी दूरदूरच्या कायम केंद्रांच्या नोंदीही जोडते. आंतरराष्ट्रीय जाळ्यातली अशी केंद्रे हैदराबाद व बंगळूर येथेही आहेत. उत्तर सेंटिमीटरच्या घरात येते, आणि त्याबरोबर किती चूक संभवते तेही कळते. मोल? शून्य.

कोणी विचारील, "आमच्या जमिनीचा न्याय परदेशी यंत्राने करावा काय?" मुळीच नाही. मालकी सातबारा, जुना नकाशा आणि कायदा ठरवितात. यंत्र फक्त दगड कोठे आहे ते सांगते. पण एवढे पक्के झाले, तर दगड हरवला तरी त्याची जागा हरवत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ कायम केंद्रे उभारली आहेत व आता मोजणी त्यांच्या आधाराने होऊ लागली आहे, ही आनंदाची गोष्ट. तरी मोजणाऱ्याचे गणित दुसऱ्या कोणाला पडताळता येणे, हा विश्वासाचा पाया आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या धोरणाने नकाशे व मोजणीवरील पुष्कळशी बंधने सैल केली. दार उघडले आहे. आत जायचे की नाही, ते आपण ठरवायचे.

मात्र फुकट मिळालेले उत्तर डोळे मिटून घेऊ नये. खिशातला मोबाईल हे काम करू शकत नाही, त्याची चूक मीटरांत असते. चांगला ग्राहक आजही लाखांच्या घरात जातो. झाडाखाली घेतलेली नोंद बिघडते. एकच बिंदू दोन वेगळ्या वेळी नोंदवावा आणि शेजारच्या बिंदूंशी त्याचे अंतरही मोजून पाहावे. उपग्रहाने दिलेली उंची ही समुद्रसपाटीची उंची नव्हे. आपल्याकडे दोहोंत पन्नास मीटरांहून अधिक फरक पडतो. त्या आकड्यावर मामा तलावाचा पाट काढणाऱ्याला पाणीच धडा शिकवील! आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारीख लिहून ठेवावी. भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. वीस वर्षांत तो मीटरभर होतो. तारखेशिवाय जुने-नवे आकडे ताडले, तर कोणीच न कोरलेला धुरा कोरल्यासारखा दिसेल. वास्तविक दोन्ही शेजारी बरोबरच सरकलेले असतात!

मित्रहो, गुरुजनहो, माझी सूचना साधी आहे. महाविद्यालयाच्या आवारात मोकळ्या आभाळाखाली एक दगड पक्का रोवावा. भूगोल विभागाने एखाद्या अभियांत्रिकी संस्थेकडून ग्राहक उसना आणून दरवर्षी त्याची नोंद घ्यावी आणि आलेले आकडे तारखेसह याच वार्षिकात छापावेत. फलकयंत्र व साखळी आपण शिकतोच. त्यापुढचे हे पाऊल कलाशाखेच्या विद्यार्थ्याला जड नाही. उद्या गावात धुऱ्याचे भांडण उठले, तर मोठ्या आवाजाला उत्तर द्यायला हातात कागद असेल आणि तो वाचता येणारा गावचाच एखादा मुलगा किंवा मुलगी असेल.