किंमत आधी ठरवा

19 नोव्हेंबर 2025 रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी सिकलसेलवरच्या देशातल्या पहिल्या क्रिस्पर, म्हणजे जनुक-संपादनाच्या, उपचाराची घोषणा केली. नाव ‘बिरसा 101’. बिरसा मुंडांची दीडशेवी जयंती चारच दिवसांपूर्वी झाली होती. सीएसआयआरच्या आयजीआयबी या दिल्लीतल्या संस्थेने तंत्र घडवलं आणि औषध बनवण्यासाठी ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं. सरकारी प्रयोगशाळा आणि खासगी कारखाना यांची ही जोडी महाराष्ट्राच्या दारात आली आहे. मात्र घोषणेनंतर चाचण्या, परवाने आणि उत्पादन असा मोठा पल्ला असतो. औषधाचा भाव नेमका याच काळात बंद खोल्यांत ठरत असतो, म्हणून त्यावर आताच बोललं पाहिजे.

सिकलसेलमध्ये चूक असते एका अक्षराची. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका जागी ‘ए’ऐवजी ‘टी’ येतो, त्यामुळे प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि हाडं फोडून काढावीत अशी कळ उठते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या पेशींचं वर्णन 1910 मध्ये प्रसिद्ध केलं. लायनस पॉलिंग यांनी 1949 मध्ये हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं. एवढं नेमकं कारण ठाऊक असूनही जनुकाच्या पातळीवर काम करणारा उपचार बाजारात यायला 2023 साल उजाडलं.

तो उपचार म्हणजे ‘कॅसजेव्ही’. आधी रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत क्रिस्परच्या कात्रीने बीसीएल11ए या जनुकाच्या नियंत्रक भागात छेद देतात. हे जनुक जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करतं. त्याचा जोर कमी केला की ते हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. सुधारलेल्या पेशी गोठवून ठेवतात. मग रुग्णाला बुसल्फान हे कडक औषध देऊन अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशी मारतात आणि नव्या पेशी शिरेतून आत सोडतात. पुढचे काही आठवडे रुग्ण जंतुसंसर्गापासून जपलेल्या खोलीत असतो. केस जातात, तोंड सोलतं, पुढे मूल होण्याची शक्यताही धोक्यात येते. एका सुईत सगळं संपतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

बदल होतो तो त्या एका माणसाच्या शरीरपेशींत. पुढच्या पिढीत तो उतरत नाही. चीनमध्ये शास्त्रज्ञ हे च्यानक्वे यांनी 2018 मध्ये भ्रूणांवर जो प्रयोग केला, त्याच्याशी याची गल्लत करू नये. वारशात उतरणाऱ्या जनुक-संपादनाला आयसीएमआरच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आपल्याकडे मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. शरीरपेशींच्या बाबतीत मला नैतिक अडचण दिसत नाही. अडचण दिसते ती पैशाची. अमेरिकेत कॅसजेव्हीची जाहीर किंमत 22 लाख डॉलर आहे, म्हणजे एका रुग्णामागे अठरा कोटी रुपयांहून जास्त. गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारच्या सातपुड्यातल्या कुटुंबाला हा आकडा ऐकवण्यातही अर्थ नाही.

आपल्या रक्ताचा अभ्यास जुना आहे. मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये एक दुर्मीळ रक्तगट शोधला आणि त्या शहराचं नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. त्याच वर्षी निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल आढळल्याचं नोंदलं गेलं. 1958 मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. तेव्हापासून विदर्भातल्या वाड्यावस्त्यांवर बोटं टोचली जाताहेत. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. पलीकडच्या रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढुळून रेघा बुजल्या तर सिकलसेलचा संशय, आणि मग पुढची तपासणी. ही चाचणी साधी आणि स्वस्त आहे, म्हणूनच ती पाड्यापर्यंत पोचली. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने तर सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं आहे.

थेंब देणाऱ्याला काय परत मिळालं, हा प्रश्न मात्र मागे राहिला. डॉ. अभय बंग यांनी आपला अनुभव मोकळेपणाने मांडला आहे. गडचिरोलीत आल्यावर बंग दांपत्याने सुरुवातीलाच सिकलसेलचा अभ्यास केला. निष्कर्ष महत्त्वाचे होते, पण लोकांना त्या घडीला ज्या दुखण्यांची काळजी होती त्यांत हा आजार नव्हता, आणि नुसत्या निदानाने त्यांच्या हाती काही पडत नव्हतं. लोकांवर संशोधन करणं आणि लोकांबरोबर संशोधन करणं यातला फरक तिथे उघड झाला, आणि त्यांच्या पुढच्या कामाची दिशा त्यातून ठरली. जनुक-संपादनातल्या प्रत्येक भागीदारीने हा अनुभव आधी वाचावा.

भागीदारी कशी करावी याचं सर्वांत चांगलं उदाहरण पुण्यातच आहे. 1996-97 मध्ये आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथीत अडीच लाख माणसं आजारी पडली आणि 25 हजार गेली. ‘अ’ गटाच्या जंतूवर टिकाऊ लस बनवणं अशक्य नव्हतं, पण गरीब देशांसाठी ती बनवायला मोठ्या कंपन्या तयार नव्हत्या. 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था एकत्र आल्या, गेट्स फाउंडेशनने पैसा दिला. प्रकल्पप्रमुख मार्क लाफोर्स यांनी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना काय परवडेल ते आधी विचारलं. उत्तर आलं, डोसमागे अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. बाकी सगळं या आकड्याभोवती उभं राहिलं: लस जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या औषध नियामकाच्या प्रयोगशाळेतून आलं, सुरुवातीचा कच्चा माल ॲम्स्टरडॅमहून, उत्पादन हडपसरला सीरममध्ये. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती लस मिळाली आणि ‘अ’ गटाच्या साथी आफ्रिकेच्या त्या भागातून जवळपास नाहीशा झाल्या.

जनुक-उपचार लसीसारखा पिंपात तयार होत नाही, हे मला मान्य आहे. प्रत्येक रुग्णाच्या पेशींची वेगळी तुकडी करावी लागते. तरी किंमत खाली आणता येते, हे मुंबईने दाखवलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांनी मिळून घडवलेल्या ‘नेक्सकार19’ला ऑक्टोबर 2023 मध्ये परवाना मिळाला. रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच टी-पेशींत जनुक घालून लढणारा हा उपचार. यात संपादनाची कात्री नाही, पण कारखान्याची अडचण तीच. परदेशी उपचाराच्या साधारण एक-दशांश खर्चात तो इथे होतो. तरीही बिल काही लाखांचं राहतं, आणि शेतमजुराच्या घरी काही लाख आणि काही कोटी यांत फारसं अंतर नसतं.

मी हे सिंधुदुर्गात गोव्याच्या सीमेजवळच्या इन्सुलीतून लिहितो आहे. आमच्याकडे सिकलसेल ही ठळक अडचण नाही. पण औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये कागद कसा आडवा येतो, हे इथे मुंबई-गोवा महामार्गावर राहणाऱ्याला शिकवावं लागत नाही. दुखणं जड झालं की सिंधुदुर्गात एकच वाक्य ऐकू येतं, ‘बांबोळीक न्हेलो’, म्हणजे गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं. बांद्यावरून पत्रादेवी ओलांडली की राज्य बदलतं, रस्ता तोच राहतो. 2018 मध्ये गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. डॉक्टर तेच होते, खाटा त्याच होत्या. बदलला होता फक्त नियम. महाराष्ट्राची जनआरोग्य योजना तिथे चालावी यासाठी मग दोन सरकारांना बोलावं लागलं. हे बोलणं आधी झालं असतं तर कित्येक घरांचा जीव टांगणीला लागला नसता.

‘बिरसा 101’बाबत अजून वेळ आहे. तंत्र सार्वजनिक पैशातून उभं राहिलं, तेव्हा सीरमशी झालेल्या करारातल्या किमतीच्या अटी लोकांसमोर ठेवाव्यात. सरकारी रुग्णालयासाठी कमाल दर आताच ठरवावा आणि महाराष्ट्राने तो जनआरोग्य योजनेत बसवण्याची तयारी सुरू करावी. 2019 च्या औषध चाचणी नियमांत चाचणीमुळे झालेल्या इजेची भरपाई आहे. ती कुणी, किती दिवसांत द्यायची हे संमतिपत्रावर गोंडी, माडिया, भिली आणि पावरीत समजावून सांगितलं पाहिजे. प्रत्यारोपणासारखं काम नागपूर-मुंबईलाच होईल, ते जिल्ह्यात ओढून आणण्याचा हट्ट नको. नंतरच्या तपासण्या मात्र चंद्रपूर, गडचिरोली आणि नंदुरबारला झाल्या पाहिजेत. जनुक-संपादन झालेल्या रुग्णावर 15 वर्षं लक्ष ठेवावं अशी अमेरिकेच्या नियामकाची शिफारस आहे. तेवढी वर्षं रुग्णाचं प्रवासभाडं, बुडालेली मजुरी आणि तपासणीचा खर्च कोण भरणार, त्या संस्थेचं नाव आणि रक्कम पहिल्या रुग्णाची सही घेण्याआधी करारात लिहिलेली असावी.