वाङ्मयप्रकारांच्या भिंती आणि ओझरचा वाचक

मराठी विषयात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच जी ताकीद मिळते ती स्वतःचे मत न देण्याची. 'हे पुस्तक आवडले नाही' हे विधान प्रबंधिकेत चालत नाही. 'समीक्षकांच्या मते ही कृती उणी आहे' हे मात्र बिनतक्रार चालते. या ताकिदीमागचे कारण रास्त आहे. आवडनिवड आणि मूल्यनिर्णय यांत अंतर असते, आणि मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांपर्यंत मराठी सौंदर्यविचाराने हे अंतर समजावून देण्यासाठी पुष्कळ श्रम घेतलेले आहेत. परंतु व्यवहारात त्याचे फळ वेगळेच मिळाले. विद्यार्थी पुस्तकाआधी पुस्तकावरचे लेख वाचतो, त्यांतली अवतरणे जुळवतो, आणि कित्येकदा मूळ पुस्तक वाचायचे राहूनच जाते. ज्याला मत नाही असा वाचक आणि ज्याने वाचलेलेच नाही असा संशोधक, या दोघांत फरक करण्याची सोय परीक्षकापाशी उरत नाही.

विभागाच्या आवाराबाहेर मात्र मत असलेला वाचक अजून आहे. निफाड तालुक्यातील ओझर हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरचे हे बाणगंगेकाठचे गाव. 1964 साली येथे मिग विमानांचा कारखाना आला आणि शेतीच्या गावाशेजारी कामगारांची वसाहत उभी राहिली. भोवती द्राक्षबागा आणि कांदा. याच महामार्गावर दहाव्या मैलाजवळ भीमाबाई जोंधळे यांचे उपाहारगृह 'आजीचे पुस्तकांचे हॉटेल' म्हणून ओळखले जाते. तेथे गिऱ्हाइकाला न्याहारी येईपर्यंत पुस्तक चाळता येते. या व्यवस्थेचे कौतुक वृत्तपत्रांनी पुष्कळ केले आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने तिच्यातली महत्त्वाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे पुस्तक समोर येते ते अभ्यासपत्रिकेच्या क्रमाने येत नाही. हाती लागेल ते उघडायचे, मग ते नाटक असो, आत्मचरित्र असो की कवितासंग्रह. असा वाचक एका पुस्तकातून उठलेला प्रश्न घेऊन दुसऱ्या पुस्तकात शिरतो आणि त्या दोहोंमध्ये वाङ्मयप्रकाराची भिंत आहे हे त्याच्या गावीही नसते.

विभागांतून चालणाऱ्या समीक्षेत ही भिंत फार पक्की आहे. कादंबरीची तुलना कादंबरीशी, स्वकथनाची स्वकथनाशी. त्यामुळे प्रत्येक प्रकाराला आपापल्या सवलती मिळतात. स्वकथनाला रचनेचा प्रश्न विचारला जात नाही, कादंबरीला खरेखोटेपणाचा विचारला जात नाही, आणि कवितेला तर माहितीचा प्रश्न विचारणे असभ्यपणाचेच मानले जाते. ओझरला बसून काही पुस्तके एकापाठोपाठ एक वाचली तर या सवलती कशा गळून पडतात, हे पाहता येईल.

आरंभ गावापासूनच करावा. नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (1993) हे पुस्तक ज्या दामूचे आहे, तो ओझरचा. विहिरीतल्या प्रेतावर पहारा करण्याचे येसकराचे काम त्याच्यावर येते. प्रेत बाहेर काढण्याचा हुकूम तो नाकारतो, मार खातो आणि बायकोला घेऊन गाव सोडून मुंबईची वाट धरतो. या पुस्तकाची गणना दलित स्वकथनांत होते आणि 'बलुतं' (1978), 'उपरा' (1980) यांच्या ओळीत ते ठेवले जाते. ओळ योग्य असली तरी माप चुकते. दामूचा स्वभाव विनोदी, हेकट आणि काहीसा नाटकी आहे. त्याच्या बोलण्यात दैन्याचे प्रदर्शन जवळजवळ नाही. वेदनेचा दस्तऐवज म्हणून जे वाचायला बसतील त्यांना हे पुस्तक हलके वाटण्याची शक्यता आहे, आणि तसे ते वाटले तर दोष वाचनाचा आहे.

पुस्तकाचे खरे बळ दामूच्या स्वतःच्या आठवणींत आहे. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून अल्पशिक्षित बापाने त्या लिहून काढल्या. पुढच्या पिढीची हकीकत सुरू झाली की भाषा सुधारते आणि पुस्तक उतरते. पदव्या, परदेश, पदे यांची नोंद येऊ लागते. बापाने गावाला दिलेला नकार मुलांच्या यशाची प्रस्तावना होऊन बसतो. हे मत काहींना कठोर वाटेल. परंतु 2003 साली इंग्रजीत आलेली 'आउटकास्ट' ही आवृत्ती शेजारी ठेवली तर ते तपासून पाहता येते. तेथे दामू आणि सोनू आळीपाळीने 'मी' म्हणून बोलतात. सोनूचा हा 'मी' मुलाने रचलेला आहे. म्हणजे एकच सामग्री स्वकथन, चरित्र आणि कादंबरी यांच्या सीमेवर फिरते आहे, आणि 'दलित स्वकथन' या एका शीर्षकाखाली तिची बोळवण केल्यावर कोण बोलतो आहे हा मूलभूत प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. सोनूला आवाज मिळाला ही चांगली गोष्ट झाली. तो कोणाच्या भाषेत मिळाला, हे मात्र विद्यार्थ्याने मराठी आणि इंग्रजी पाठ समोरासमोर ठेवून पाहावे. ओझरच्या वाचकाला तर आणखी एक प्रश्न पडतो. पुस्तकातले ओझर हे सोडून जाण्याचे गाव आहे. जे मागे राहिले त्यांचे पुढे काय झाले, याविषयी पुस्तक फारसे बोलत नाही.

मागे राहण्याचा हा प्रश्न घेऊन कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' (2018) या कादंबरीकडे वळावे. तिला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाखाली गाव गेले, माणसे उठवली गेली, आणि मागे सुटलेल्या म्हशी परत आणायला देवाप्पा जुन्या जागी जातो. म्हशी आता माणसाळलेल्या राहिलेल्या नाहीत. कादंबरीचा बहुतेक भाग म्हणजे माणूस आणि जनावर यांची झुंज आहे, आणि तो भाग असामान्य आहे. खोत यांचे तुटक, श्वासाच्या लयीत चालणारे वाक्य आरंभी अडखळवते; पन्नासेक पानांनंतर त्याच्याशिवाय दुसरी भाषा या अनुभवाला चालली नसती अशी खात्री पटते. क्वचित ही लय स्वतःच्याच प्रेमात पडते आणि प्रसंग जागीच थांबतो, एवढा दोष सांगायला हवा.

परंतु हे पुस्तक ओझरला वाचणे आणि कोल्हापूरच्या डोंगराळ भागात वाचणे एक नव्हे. ओझर हे धरणाच्या लाभाचे गाव आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी या शिवारात येते. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना पाणी मिळेना, तेव्हा समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने बापू उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी येथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. सहभागी सिंचनाचे उदाहरण म्हणून त्यांची नोंद महाराष्ट्राबाहेरही घेतली गेली. येथल्या वाचकाच्या मनात 'रिंगाण' वाचताना जी अस्वस्थता निर्माण व्हावी, ती करुणेहून अवघड आहे: आपल्या बागेचे पाणी कोणाच्या तरी उठलेल्या गावावरून वाहत येते. प्रकल्पग्रस्तांचे साहित्य म्हणून या कादंबरीवर चर्चासत्रे होतील. प्रकल्पलाभार्थी वाचक म्हणून तिच्याकडे कोणी पाहणार आहे काय?

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (2002) याच्या उलट टोकाची. कोरडवाहू शेती, एम. ए., बी. एड. झालेला एकनाथ, आणि पैसे भरता येत नाहीत म्हणून न मिळणारी मास्तरकी. शेतीच्या तपशिलात ही कादंबरी अजोड आहे आणि बुलढाण्याकडची बोली तिच्यात केवळ संवादापुरती येत नाही. पण तिची निवेदनदृष्टी एकनाथाच्या घराच्या उंबऱ्याशी थांबते. माहेरी निघून जाणारी त्याची बायको अलका ही त्या घराला जशी दिसते तशीच वाचकाला दिसत राहते. शिकलेल्या मुलीने कोरडवाहू घरात का नांदावे, हा तिचा प्रश्न कादंबरी नीट ऐकून घेत नाही. याच कादंबरीवर पदव्युत्तर वर्गांतून शेतकरी आत्महत्यांच्या अनुषंगाने बोलले जाते, आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्यांतले कितीतरी जण उद्याचे एकनाथ असतात, याविषयी मात्र वर्गात मौन पाळले जाते. अध्यापकाच्या नेमणुकीचा बाजार हा 'बारोमास'चा आशय आहे, संदर्भ नव्हे. तो शिकवायचा तर अध्यापकाला मत द्यावेच लागेल.

निफाड तालुक्याची कविता हा स्वतंत्र विषय आहे. लासलगावचे प्रकाश होळकर आणि 'भुईशास्त्र' या संग्रहासाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळवणारे ऐश्वर्य पाटेकर, या दोघांची नावे येथे घ्यावीच लागतात. होळकरांची कविता गाण्याच्या जवळ जाते आणि तेथेच ती सर्वांत मोकळी होते. पाटेकरांच्या कवितेतले बायांचे जगणे, विशेषतः आईचे, पुढे त्यांच्या 'जू' या आत्मकथनात पुन्हा भेटते. कवितेत जे एका प्रतिमेत अडकून राहिले होते त्याला गद्यात नावगाव मिळते. कविता अधिक श्रेष्ठ की आत्मकथन, हा वाद येथे निरर्थक आहे. गद्य वाचल्यावर काही कविता अधिक घट्ट वाटू लागतात आणि काही सैल. हीच परीक्षा पुरे.

'नटसम्राट' हे नाटक 1970 साली रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून ते प्रेक्षकाचेच राहिले. वाचकाच्या वाट्याला ते सहसा येत नाही. न्याहारीची वाट पाहत ते पुस्तकातून वाचणाऱ्याला बेलवलकरांची स्वगते, डॉ. लागूंचा आवाज वजा केला तर, अधूनमधून शब्दबंबाळ वाटतात. उलट रंगमंचावर सावलीत राहणारी कावेरी वाचताना मोठी होत जाते. तिला वाक्ये थोडी आहेत आणि त्यांतले एकही फुकट गेलेले नाही.

वैयक्तिक मताला विभागांतून जे भय वाटते त्याचे नवल अशासाठी वाटते, की ज्या टीकाग्रंथांना प्रमाण मानले जाते त्यांचे सामर्थ्य पुष्कळदा मतांतच असते. भालचंद्र नेमाडे यांचे 'टीकास्वयंवर' (1990) घ्यावे. त्यातली विधाने सावध नाहीत, अनेकदा अन्यायकारक आहेत, आणि म्हणूनच तो ग्रंथ वाचला जातो. लघुकथा या प्रकाराविषयीची नेमाड्यांची नापसंती सर्वश्रुत आहे. प्रबंधांतून ती 'नेमाडे म्हणतात' या पालुपदासह उद्धृत होते; तिच्याशी भांडण मात्र क्वचितच होते. भांडायला वाचलेली कथा हाताशी लागते.

अशी कथा नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांनी लिहून ठेवली आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या संग्रहाची शीर्षककथा आणि दामूच्या आठवणी एकापाठोपाठ वाचाव्यात. एकीकडे रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवणारा तरुण. दुसरीकडे जात सर्वांना ठाऊक असलेल्या गावात जातीचे काम नाकारणारा येसकर. पहिली कथा, दुसरे स्वकथन, म्हणून ही दोन पुस्तके बहुधा वेगवेगळ्या अभ्यासपत्रिकांत राहतात. बागुलांची कथा थोडक्या पानांत जे भय उभे करते ते दामूच्या हकिगतीत नाही. तेथे भयाची जागा रागाने आणि चेष्टेने घेतली आहे. लघुकथेला जीवनाचा मोठा पट पेलत नाही असे म्हणणाऱ्याने बागुलांच्या नायकाला बसलेला मार पुन्हा वाचावा. मग ओझरच्या दामूला फौजदाराने केलेली मारहाण वाचावी आणि या दोहोंपैकी कोणती रात्रभर सोबत राहते, ते स्वतःच्या नावाने लिहावे.