रंगपेटी घेताना

गेल्या भीमजयंतीला आमच्या वस्तीतील विहारात मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवली होती. सतरंज्या अंथरणे आणि कागद वाटणे एवढेच काम आमच्याकडे होते. सहावीतला एक मुलगा बाबासाहेबांचे चित्र काढीत होता. चेहरा चांगला जमला होता, पण निळ्या कोटाला रंग चढेना. त्याने पेन्सिल दाबली, टोक मोडले. पुन्हा टोक केले, पुन्हा मोडले. शेवटी कागदच फाटला. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "काका, माझा हातच चांगला नाही."

आम्ही त्याची पेन्सिल कोऱ्या कागदावर चालवून पाहिली. आमच्याही हाताने तेच झाले. दोष हाताचा नव्हताच. पेटी मात्र ४८ रंगांची होती, वडिलांनी जत्रेतून हौसेने आणलेली.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेच होते. पेटीतले रंग मोजून आपण खरेदी करतो आणि पेन्सिल कशी आहे ते पाहतच नाही. म्हणून आज थोडे याविषयी.

रंगीत पेन्सिलीच्या आतल्या कांडीत रंगाची भुकटी असते, तिला बांधून ठेवणारे मेण किंवा तेल व डिंकासारखा चिकट पदार्थ असतो, आणि भर म्हणून पांढरी माती किंवा खडूची पूड असते. थोडी भर लागतेच. पण स्वस्तात पेटी भरायची म्हणून रंग कमी आणि भर जास्त घातली, की पेन्सिल खरखरते, फिकट उमटते आणि मूल ती जोरात दाबू लागते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, काजळी वापरली. निळ्यासाठी दूरदेशाहून आलेला लाजवर्द दगड वापरला. दीड हजार वर्षांनंतरही ते रंग ओळखू येतात. मूळ रंगद्रव्य अस्सल असेल तरच रंग टिकतो.

दुकानात गेल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. दुकानदाराला नमुन्याची एक-दोन पेन्सिल मागावी आणि साध्या कागदावर अगदी हलक्या हाताने चालवावी. न दाबता रंग उमटला पाहिजे. त्यावरून बोट फिरवावे. भुकटी सुटून बोटाला फार लागली तर ती पेटी नको. मग पिवळ्यावर लाल फिरवावा. आपल्या पंचशील ध्वजातला केशरी दिसू लागला, तर पेन्सिल चांगली. वरचा रंग घसरू लागला आणि खालच्यावर बसेना, तर ती ठेवून द्यावी. पेन्सिलीचे मागचे टोकही पाहावे. कांडी लाकडाच्या बरोबर मध्यभागी हवी. ती एका बाजूला सरकलेली असेल तर टोक करताना मोडत राहते.

रंग किती हवेत? सुरुवातीला १२ पुरेत. निळा-पिवळा मिळून हिरवा, तांबडा-पिवळा मिळून केशरी, हे मूल आपल्या हाताने शिकते. वाईट ४८ पेक्षा चांगल्या १२ केव्हाही बऱ्या. कलासाहित्याच्या मोठ्या दुकानांत काही चांगल्या पेन्सिली सुट्याही मिळतात, तेव्हा निळी संपली म्हणून सगळी पेटी घ्यायला नको. पाण्याने पसरणाऱ्या पेन्सिली महाग असतात; शिकणाऱ्या मुलाला त्यांची घाई नाही.

घेतलेली पेन्सिल जपायलाही शिकवावे. ती फरशीवर पडली की कांडी आतल्या आत तुटते आणि मग दोष पेन्सिलीवर जातो. शार्पनर बोथट झाला तर बदलावा. पेन्सिल बोटभर उरली की तिला कागदाची घट्ट सुरळी गुंडाळावी, म्हणजे शेवटपर्यंत वापरता येते.

कोणी म्हणेल, घरभाडे, रेशन, शाळेची फी यांतून रंगांना पैसे कुठून आणायचे? प्रश्न खरा आहे. पण चित्रकला हा रिकामपणाचा उद्योग नव्हे. राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा होतात, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळण्याची सोय आहे. पुढे कलाशिक्षक, छपाई, जाहिरात, वास्तुकला अशा वाटा आहेत. बाबासाहेबांना उत्तम फाउंटन पेनांची आवड होती, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याला काम करायचे त्याला साधन चांगले लागते.

आणि गुणांपेक्षाही मोठी गोष्ट आहे. "तुझ्यात गुण नाही" हे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. तेच वाक्य आपले मूल एका वाईट पेन्सिलीमुळे स्वतःला ऐकवू लागले, तर ती स्वस्त पेटी फार महाग पडली म्हणायचे.

त्या मुलाला आम्ही विहारातल्या मुलीकडून एक चांगली निळी पेन्सिल आणि नवा कागद दिला. बक्षीस मिळाले नाही, पण कोट मात्र निळा झाला. आता विहारात १२ रंगांच्या दोन पेट्या सर्वांसाठी ठेवल्या आहेत. जयंती मंडळांना आमची विनंती आहे, पुढच्या वर्षी बक्षिसाच्या ढाली थोड्या कमी करा आणि तेवढ्या पैशांत मुलांना चांगल्या रंगपेट्या द्या.

जयभीम!