चाचणीचे नाव हे पूर्ण विधान असावे

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या लागवडीचे सर्वेक्षण करताना एक मार्मिक पद्धत वापरली. एकाच प्रदेशातून स्वतंत्र उपनमुने वेगवेगळ्या तुकड्यांकडून गोळा करायचे आणि निष्कर्ष ताडून पाहायचे. मोठी तफावत आढळली, तर मोजमापातच दोष असल्याचा इशारा मिळे.

आज त्याच शहरातील व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर आणि साहा अणुभौतिकी संस्था सर्नच्या ॲलिस प्रयोगात सहभागी आहेत. अशा प्रयोगांत मोजमापाचा मोठा भाग सॉफ्टवेअर करते आणि त्याची पडताळणी युनिट टेस्ट करतात : एका फंक्शनला ठरावीक इनपुट द्यायचे व उत्तर अपेक्षेप्रमाणे आले का, हे पाहायचे.

परंतु संशोधनाच्या कोडमध्ये या चाचण्यांना ‘टेस्ट_३’ किंवा ‘टेस्ट_नवी’ अशी नावे सर्रास दिली जातात. ती नापास झाली की काहीतरी बिघडले एवढेच कळते. याउलट ‘आवेग_पौंड_सेकंदात_आल्यास_न्यूटन_सेकंदात_बदलावा’ हे नाव परिस्थिती आणि अपेक्षा दोन्ही सांगते. हे उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यातील धोका खरा आहे. 1999 मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर याच दोन एककांच्या गोंधळामुळे नष्ट झाले. केवळ नावाने ते यान वाचले असते, असे नव्हे. पण असे नाव लिहिताना एकक स्पष्ट करणे भाग पडते.

डॅन नॉर्थ यांनी 2006 मध्ये चाचणीचे नाव ‘असे व्हावे’ या अर्थाचे वाक्य असावे, असे सुचवले. त्यामागे शिस्तही आहे. एका वाक्यात नाव मावत नसेल, तर ती चाचणी बहुधा एकाच वेळी अनेक गोष्टी तपासत असते.

लांब नावे खटकतात, टिप्पणी पुरेशी आहे, असा आक्षेप घेतला जातो. मात्र चाचणी नापास झाल्यावर पडद्यावर सहसा नाव दिसते, टिप्पणी नव्हे. पीएच.डी. संपवून विद्यार्थी निघून जातो, कोड मागे उरतो. पुढच्या विद्यार्थ्याला तो समजला नाही, तर नापास चाचणी दुरुस्त होण्याऐवजी बंद केली जाते आणि चुकीचा निष्कर्ष शोधनिबंधापर्यंत पोहोचतो. म्हणून प्रबंधासोबत कोड तपासणाऱ्या मार्गदर्शकांनी आलेखांच्या अक्षांवरील एकके पाहावीत, तितक्याच काटेकोरपणे चाचण्यांची नावेही वाचावीत.