मेलेल्या अण्णांची गोष्ट पुन्हा का पाहिली

घाटकोपरला भटवाडीत राहणारा माझा थोरला भाऊ मला गेली काही वर्षं एकच वाक्य ऐकवतो. ‘थुकलेला चाटतंस रे तू.’ संदर्भ मालिकेचा. 2016 च्या ऑक्टोबरात ‘रात्रीस खेळ चाले’ संपली, त्या रात्री त्याच्याच घरी वडे-सागोती जेवून उठताना मी चारचौघांसमोर जाहीर केलं होतं, की आता साडेदहाला टीव्ही लावणार नाही म्हणजे नाही. आकेरीतल्या त्या अण्णा नाईकांच्या वाड्यापायी आठ महिने बोरिवलीत झोपमोड केली आणि शेवट काही माझ्या पचनी पडला नाही. परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत पुरवणी भरावी, तसा वाटला. राग नुसता मालिकेवर नव्हता. रोज तर्क लढवत बसलेल्या स्वतःवरही होता.

आणि जानेवारी 2019 मध्ये दुसरा भाग सुरू झाला.

त्याच महिन्यात ट्रायच्या नव्या नियमाचा गोंधळ चालू होता. 31 तारखेच्या आत हव्या त्या वाहिन्या निवडा. 130 रुपये आणि वर कर, एवढ्यात फुकटातल्या शंभर वाहिन्या, बाकीच्यांचे वेगळे पैसे. केबलवाल्याचा पोरगा दोन्ही बाजूंनी छापलेला पुसट फॉर्म घेऊन दारात उभा होता. मराठीच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. आतून आई म्हणाली, ‘खूण कर रे, अण्णा लागता ना त्येच्यार.’ खूण आईसाठी केली, असं मी दादाला सांगितलं. ते खोटं होतं. आठवडाभर मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तीच मालिका बघत होतो.

एकदा सोडलं ते पुन्हा धरू नये, या दादाच्या मुद्द्यावर मी वेळ घालवत नाही. तंबाखू त्याने आजवर तीनदा सोडलीय.

दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. हा भाग म्हणजे पहिल्याच्या आधीची गोष्ट. अण्णा नाईक मरणार हे ठरलेलं, मागे कोण कुठल्या अवस्थेत उरणार हेही आपण पाहून बसलेलो. ‘सगळा म्हायत आसा, मग बघतंस काय?’

म्हाईत आहे म्हणूनच बघतो. पहिल्या भागात अण्णा होते तसबिरीत आणि आपण सगळे फौजदार. गुपिताच्या मागे धावताना माणसं दिसलीच नाहीत. अण्णांची बायको माई ही माझ्या लेखी संशयितांच्या यादीतली एक म्हातारी, एवढंच. दुसऱ्या भागात माधव अभ्यंकरांचे अण्णा चालते-बोलते समोर आले, पाटणकरांची बायको शेवंता त्यांच्या आयुष्यात आली, आणि शकुंतला नरे यांची माई काहीच न बोलता किती बोलते ते मला पहिल्यांदा दिसलं. ही बाई पुढे याच माणसासाठी डोळ्यांतून पाणी काढणार आहे, हे ठाऊक असताना तिच्याकडे बघणं ही साधी गोष्ट नाही. पहिल्या भागातलं तिचं रडणंही मला मागाहून वेगळं आठवायला लागलं. रहस्य असतं तर मी त्या वेळी दाराआड कोण उभं आहे तेच शोधत बसलो असतो.

आणि हे दादाने मला विचारावं? मोचेमाडकर म्हणा, पार्सेकर म्हणा, कुठल्याही मंडळाचा दशावतार आला की हा गृहस्थ शाल गुंडाळून रात्रभर बसतो. जत्रेला गावी बसतो, उपनगरातल्या मालवणी महोत्सवातही बसतो. शंकासुर वेद चोरणार आणि विष्णूच्या हातून मरणार, हे त्याला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. संहिता लिहिलेली नसते, बोलणं नटाने तिथल्या तिथे रचायचं. म्हणून दादा कथेकडे बघतच नाही. आज राजा कसा बोलला, राणीचं काम करणाऱ्या पुरुषाने शेला कसा सावरला, यावर तो पहाटेच्या चहाला तासभर बोलतो. तोच न्याय त्याने साडेदहाच्या मालिकेला लावला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

कोकणाची बदनामी होते, ही ओरड 2016 मध्ये मालिका सुरू होताच झाली. दादाही त्यात होता. भुताखेतांचं म्हणाल तर धारप आणि मतकरी वाचून वाढलेल्यांनी एवढं दचकू नये. पण अण्णांच्या गोष्टीतली भीती मुळात भुताची नाहीच. दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा, भावकीतला दरारा, आणि सगळं समजूनही गप्प बसलेलं घर, ही ती भीती. आमच्या सातबाऱ्यावर अठ्ठावीस नावं आहेत. त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत, आणि गणपतीला आरती मात्र एकत्र म्हणतात. बदनामी कुठली, ओळख पटली म्हणून झोंबलं.

शिवाय भाषा. 1980 मध्ये गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं, मच्छिंद्र कांबळींनी मालवणी साऱ्या महाराष्ट्राला ऐकवली. ते ऋण मोठंच आहे. पण त्यानंतर मालवणी बोलायला तोंड उघडलं की समोरचा हसायच्या तयारीने बसायचा. अंधेरीच्या ऑफिसात मी आईशी फोनवर बोललो तरी शेजारचे हसायचे. अण्णा मालवणीत बोलले आणि कोणी हसलं नाही. या भाषेत दरडावता येतं, लाडीगोडी लावता येते, एखाद्याला आयुष्यातून उठवता येतं, हे बोरिवलीत जन्मलेल्या माझ्या पुतणीला मालिकेमुळे कळलं. ती आता आजीशी मालवणीत भांडते.

आता माझ्या बाजूचं दुखणं. रोजची मालिका म्हटली की ताकात पाणी आलंच, आणि दुसऱ्या भागातही ते होतं. काही आठवडे तर मी पाट-पाणी होईपर्यंत टीव्ही आईच्याच हवाली केला. मार्च 2021 मध्ये तिसरा भाग आला, अण्णा-शेवंता भुतं होऊन परतले आणि माझ्यातला फौजदार पुन्हा जागा झाला. महिन्याभरात मी उठलो. दादाला कोण आनंद झाला. ‘बघ, इलंस ना वाटेर.’ मी म्हटलं, वाटेवर कसला आलोय? ज्या कारणासाठी दुसरा धरला त्याच कारणासाठी तिसरा सोडला. 2016 चा शेवट मी आजही माफ केलेला नाही.

हे त्याला पटलेलं नाही. परवा फोनवर पुन्हा तेच थुकलेलं-चाटलेलं झालं. मग मी जत्रेच्या दशावताराची तारीख विचारली, ती त्याला तोंडपाठ होती. नॅन्सी कॉलनीतून सुटणाऱ्या एसटीचं माझंही तिकीट काढ म्हणाला.