वाजीकरणापूर्वी परीक्षण

समागमसमयी शिश्नास वेदना होतात, हे रुग्ण क्वचितच स्पष्ट सांगतो. तो ‘शक्तीचे औषध’ मागतो आणि आपण ते देऊन मोकळे होतो. ही प्रथा आम्हांस घातक वाटते. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या १३ व्या अध्यायात परिवर्तिका, अवपाटिका व निरुद्धप्रकश वर्णिले आहेत; निरुद्धप्रकशावर स्निग्ध नाडीने मार्ग क्रमशः विस्तारण्यास सांगितले आहे, वाजीकरण नव्हे. प्रौढ वयात अग्रचर्म नव्याने आकसत असेल, त्यास चिरा पडत असतील, तर रक्तशर्करा अवश्य तपासावी. मधुमेह कित्येकदा असाच उघडकीस येतो. मागे सरलेले चर्म परत येत नसेल, तर विलंब न लावता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही वेदनेविषयी विचारल्याखेरीज डबी हाती देऊ नये, अशी आमची विनंती आहे.