ख्रिस्ती कॉलेज आणि आपलीं मुलें

शहाद्याकडील एक कापूस पिकविणारे गृहस्थ परवां आम्हांस भेटले. मुलगा बारावी चांगल्या गुणांनीं पास झालेला. मुंबईच्या एका ख्रिस्ती कॉलेजांत त्यास जागा मिळण्यासारखी आहे. पण गांवांत पारावर बोलणीं सुरू झालीं कीं, पोरगा तिकडे गेला म्हणजे बाटलाच समजा. बापानें आम्हांस विचारलें, "काय करावें?" आम्ही म्हणालों, "नाना, धाडा." कां धाडा, तें सर्व वाचकांपुढें मांडणें बरें.

आपल्यापैकींच एका विद्यार्थ्याची हकीकत ऐका. विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म १८७३ सालीं जमखंडी येथें मराठा कुटुंबांत झाला. घरांत वारकरी वळण. १८९८ सालीं ते बी. ए. झाले आणि १९०१ सालीं विलायतेस ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजांत गेले. हें कॉलेज युनिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचें. शिष्यवृत्ति त्या पंथाच्या मंडळानें दिली. जाण्याच्या खर्चास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं हात दिला.

हें कॉलेज निघालें तरी कशाकरितां? एके काळीं ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें सरकारी चर्चचीं कलमें मान्य केल्यावांचून पदवी मिळत नसे. ज्यांना तीं पटत नव्हतीं त्यांना विद्येचें दार बंद! तेव्हां अशा लोकांनीं १७८६ सालीं मँचेस्टर येथें आपलें स्वतःचें विद्यालय काढलें. तें गांवें बदलीत १८८९ सालीं ऑक्सफर्डला आलें. धर्माच्या नांवाखालीं बाहेर ठेवलेल्यांनीं बांधलेलें हें घर, म्हणून तेथें शिकणाऱ्याला कोणत्याही मताची अट नव्हती. शिंदे तेथें दोन वर्षें राहून निरनिराळ्या धर्मांची तुलना शिकले, पाली भाषा शिकले. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे ख्रिस्ती अध्यापक मराठ्याच्या मुलाला बुद्धाचा धर्म समजावीत होते. आणि त्याच सुमारास इकडे कोल्हापुरांत खुद्द छत्रपतींना वेदोक्त मंत्र सांगावे कीं नाहीं, याचा वाद माजला होता! परका कोण आणि आपला कोण, हें वाचकांनींच ठरवावें.

१९०३ सालीं शिंदे परत आले. बाटून आले काय? मुळींच नाहीं. ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं त्यांनीं मुंबईस अस्पृश्यांच्या शिक्षणासाठीं निराश्रित साह्यकारी मंडळी काढली. त्यांच्या आधीं जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळांत पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. तेही ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली.

गांवकऱ्यांचें भय अगदींच खोटें, असेंही आम्ही म्हणत नाहीं. १८३९ सालीं मुंबईंत डॉ. विल्सन यांच्या शाळेंतील दोन पारशी मुलांनीं बाप्तिस्मा घेतला; प्रकरण कोर्टांत गेलें, आणि पारशांनीं आपलीं मुलें काढून घेतलीं. पण ते पारावर बोलत बसले नाहींत. १८४९ सालीं सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून पारशी मुलांसाठीं शाळा उघडल्या. भय वाटलें तर शाळा बांधावी, मुलाला घरीं बसवूं नये.

शिवाय आजचा काळ १८३९ चा नाहीं. आपल्या राज्यघटनेचें २८ वें कलम स्पष्ट सांगतें कीं, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेंत कोणासही संमतीवांचून धर्मशिक्षणास वा प्रार्थनेस बसवितां येत नाहीं. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमति लागते. हें कलम बापानें व मुलानें दोघांनींही ध्यानांत ठेवावें.

आपला नंदुरबार जिल्हा १९९८ सालीं धुळ्यांतून वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतींत येथें शंभरांत सुमारें चौसष्टच लोक साक्षर निघाले. साऱ्या महाराष्ट्रांत सर्वांत कमी! अक्कलकुवा, धडगांवच्या डोंगरांतील भिल्ल-पावऱ्यांचीं मुलें असोत, कीं तापीकांठच्या कुणब्या-सुताराचीं. येथें धर्म बुडण्यापेक्षां पोर बुडण्याचें भय मोठें आहे. पारावर बोलणाऱ्यांपैकीं किती जणांनीं कोणाच्या मुलाची फी भरली? निदान एखाद्या पोराला वह्या तरी घेऊन दिल्या काय?

म्हणून आमचें नानांस सांगणें इतकेंच कीं, चौकशी करावी, पण ती कामाची करावी. फी किती, राहण्याची सोय कोठें, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हां भरावयाचा, जातीचा दाखला हातीं आहे कीं नाहीं, हें आधीं पाहा. मग मुलास गाडींत बसवून द्या. एक गोष्ट मात्र त्याच्याकडून कबूल करून घ्या: शिकून झाल्यावर गांवांतील आणखी एका मुलाला त्यानें हात द्यावा. शिंद्यांनीं आणि जोतीरावांनीं तेंच केलें. एवढें ज्यानें पाळलें त्याला बाटला म्हणण्याची छाती कोणाची आहे?